आईचे तीन दिवस

मोंतेलूपारा, ४ नोव्हेंबर १५६६

कोर्सो यास,

बारा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आजही प्रेमाचं भरतं आलंय म्हणून लिहीत नाही. खेचरवाला बेर्तो पादुआला निघालाय, तू तिकडेच काम करतोस असं तो म्हणाला. कळवायचं एवढंच, की आमच्या चॅपेलातल्या तुझ्या भिंतीला कपडे चढणार आहेत.

ट्रेंटच्या धर्मसभेत काय ठरलं ते तुमच्याकडे पोचलंच असेल. देवाच्या घरात नागडं काही नको. रोममध्ये पोपच्या चॅपेलातल्या त्या मोठ्या भिंतीलाही लंगोट चढले, तिथे आमची काय कथा. इथेही लांबून यात्रेकरू येतात, तुझ्या 'अखेरच्या न्याया'समोर गुडघे टेकतात, वरच्या स्वर्गाकडे एक नजर टाकतात आणि खाली थडग्यांतून उठणाऱ्या नागड्या मढ्यांपाशी तास तास रेंगाळतात. सप्टेंबरात बिशप तपासणीला आले होते, तेव्हा कोणीतरी तक्रार केली. बिशपांनी काम त्यांचे कारभारी फादर एर्कोले यांच्यावर सोपवलं आणि फादर एर्कोलेंनी माझ्यावर. गावात भिंतीला हात लावणारा दुसरा आहे कोण?

म्हणजे बघ, ज्याला तू चारचौघांत 'चुना कालवणारा' म्हणालास, तोच आता तुझ्या चित्रावर कुंचला फिरवणार.

सतरा जणांना झाकायचंय. त्यातली एक आपली आई. तू तोंडाने कधी कबूल केलं नाहीस, पण मी ओळखलं होतं. चेहऱ्यावरून नाही, ती तापाच्या साथीत गेली तेव्हा मी आठ वर्षांचा, चेहरा मला धड आठवतही नव्हता. ओळखलं ते उजव्या हाताच्या करंगळीवरून. नदीवर धुणं धुताना दगडाखाली सापडून वाकडी झालेली करंगळी, ती मी रोज धरून चालायचो. त्याच हाताने ती आपल्या बहिणीला, नेंचाला थडग्यातून ओढून काढतेय. नेंचाच्या अंगावर तू निदान प्रेतवस्त्र तरी टाकलंस. आईच्या अंगावर सूतसुद्धा नाही. वर कमरेला डाव्या बाजूला भाजल्याचा डाग. असा डाग तिला होता हे मला, तिच्या पोटच्या पोराला, ठाऊक नव्हतं. तुला कसं ठाऊक होतं? कुठला मुलगा हे बघतो आणि बघून अख्ख्या गावाला दाखवतो?

मी विचारलं तेव्हा तू परांचीवरून हसत म्हणालास, "मेलेले उठतील त्या दिवशी बरोबर शिंपी येत नाही, नोफ्री." मी थापी खाली ठेवली आणि निघून आलो. ते हसू मी विसरलेलो नाही.

आता तिला मी निळा झगा देणार आहे, गळ्यापासून घोट्यापर्यंत. परवानगी मागत नाहीये, कळवतोय.

नोफ्री


२५ नोव्हेंबर

कोर्सो,

बेर्तोचं खेचर लंगडतंय, तो अजून निघालेला नाही, म्हणून हेही पत्र त्याच्याकडेच देतोय. सोळा जण झाकून झाले. सगळं कोरड्या भिंतीवर, रंगात सरस घालून. नरकात पडलेल्या त्या तुंदिलतनूला मी इतकी सुरेख विजार घातलीय की यापुढे लोक बहुतेक तिच्यासाठीच येतील. आईला शेवटी ठेवलं होतं. का ते मला विचारू नकोस.

काल फादर एर्कोले परांचीवर चढून आले. सत्तरीचा म्हातारा, थंडीने बोटं सुजलेली, पण शिडी एका दमात चढतो.

"ही बाई राहिली?" त्यांनी विचारलं.

"उद्या घेतो, महाराज."

"हिला कोरड्या रंगाने झाकायचं नाही. डोंगरापलीकडच्या मठात काय झालं ऐकलंस ना? छप्पर गळलं आणि ऐन मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळी संत सेबास्तियनची लंगोटी ओघळून खाली आली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या."

"मग काय करू?"

"पाडून टाक. गिलाव्यासकट. नवा गिलावा, नवी बाई, पुऱ्या कपड्यांतली. बाकीचे कोपऱ्यात आहेत, त्यांचं चालेल. ही बरोबर वेदीच्या वर आहे. मी मिस्सेत भाकर, प्रभूचं शरीर, हातात उचलतो आणि डोळ्यांसमोर हिचं येतं."

मी कुंचला पुसत राहिलो. त्यांना ते खटकलं असावं.

"आणि मला फसवायचं नाही," ते म्हणाले. "माझा बाप गवंडी होता. ओल्या गिलाव्यावर काढलेलं चुन्यात मुरतं, ते पुसलं जात नाही. कोरड्यावरचं ओल्या स्पंजाला लागतं. मी स्वतः स्पंज फिरवून बघणार. शिवाय पाडलेले तुकडे टोपल्यांत भरून माझ्यासमोर आणायचे. सगळे. मी जुळवून बघेन."

मेणबत्त्यांच्या सणापर्यंत, म्हणजे २ फेब्रुवारीपर्यंत मुदत आहे. मी केलं नाही तर ते बाहेरून गवंडी आणणार, आणि ते गवंडी बघतात काय? खालची सगळी पट्टी उडवतील, नेंचासकट. आणि मला बिशपांच्या कोठडीत जाऊन उत्तर द्यावं लागेल ते वेगळंच.

आईला तू तीन दिवस दिलेस. सकाळी लावलेला गिलावा संध्याकाळच्या आत रंगवून संपवायचा म्हणून त्या तुकड्याला आपण दिवस म्हणतो. कडेने दिवा धरला की तिचे तिन्ही दिवस मला अजून वेगवेगळे दिसतात. पहिल्या दिवशी चेहरा आणि खांदे, दुसऱ्या दिवशी धड आणि हात. ते दोन गिलावे माझ्या हातचे आहेत. तिसऱ्या दिवशी मी आलो नाही, पायांचा गिलावा तू कोणा ऐऱ्यागैऱ्याकडून लावून घेतलास, आणि बरोबर तिथेच आता भेग गेलीय. हे तीन दिवस उडवायला एक सकाळ पुरेल.

बारा वर्षं मला हेच हवं होतं. आता मिळालंय तर छिन्नी उचलवत नाही. काय करू ते लिही. एक शब्द लिहिलास तरी चालेल.

नोफ्री


१३ डिसेंबर, सांता लुचियाचा दिवस

कोर्सो,

बेर्तो परत आला. म्हणतो, दोन्ही पत्रं एकदमच तुझ्या हातात दिली, तू दारात उभ्या उभ्या वाचलीस आणि काही न बोलता आत गेलास. म्हणजे वाचलीस तरी. बेर्तोने तुझे केस पांढरे झालेत असंही सांगितलं. ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट चुकवली. लिहिलं की कोणीतरी तक्रार केली. तो कोणीतरी मी.

तपासणीला आलेले बिशप चॅपेलाच्या मागच्या खोलीत बसले होते आणि गावातल्या दहा कर्त्या माणसांना एकेक करून आत बोलवत होते. प्रश्न ठरलेले. पाद्री दारू पितो का, अभिषेकाचं तेल ताजं असतं का, चॅपेलात लाज वाटावी असं काही आहे का. नऊ जण 'नाही, महाराज' म्हणून बाहेर आले. मी म्हणालो, आहे. त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि बोटाने दाखवलं. वर असंही म्हणालो, की ही बाई खरोखरीची आहे, गावातले म्हातारे अजून ओळखतात.

मला वाटलं होतं, एक झगा चढेल. मी तो माझ्या हाताने चढवेन आणि बारा वर्षांची आग शांत होईल. छिन्नीचा विचार डोक्याला शिवलाही नाही. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात तो हा, फक्त धोंडा आईवर पडतोय.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. शिव्या लिहून पाठव. पण काहीतरी पाठव, कोर्सो. मला भीती वाटायला लागलीय.

नोफ्री


९ जानेवारी १५६७

कोर्सो,

बेर्तोकडून तुझी गुंडाळी मिळाली.

आत पत्र असेल म्हणून आधी नळकांडं झटकलं, मग कागद उलटा करून बघितला. एक अक्षर नाही. तू मोठाच हट्टी माणूस आहेस. कागद स्वयंपाकघरात जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या, आणि आई माझ्या चुलीसमोर आडवी झाली. भिंतीवर आहे तेवढीच, तोच हात, तीच करंगळी, रेघेरेघेवर चित्र भिंतीवर उतरवायची टाचणीची भोकं, भोकांत अजून तेव्हा झटकलेली कोळशाची पूड. एका कोपऱ्यात चुन्याने भरलेला अंगठा उमटलाय. माझाच आहे. ही भोकं पाडायला तू मला बसवलं होतंस, तेव्हा कागदावर नुसत्या रेघा होत्या आणि मला काहीच कळलं नव्हतं.

तू हे का पाठवलंस? 'ती माझ्यापाशी कागदावर आहे, तू खुशाल पाड' असं म्हणायचं असेल, तर कागद ठेवून घेतला असतास. 'तुझं पाप तूच सांभाळ' असंही असेल. मी मला सोयीचा अर्थ घेतलाय. हे पत्र वाचून चुलीत घाल.

भिंतीवरची आई मी पाडत नाही. पडदा लावून काम करतोय. तिच्या अंगावर सशाच्या कातड्याच्या सरसाचा एक हात दिला, तो वाळल्यावर वर चुना आणि जुन्या चीजच्या खळीत कालवलेला रंग, अंगभर निळा झगा आणि चेहऱ्यावर, हातांवर दुसऱ्याच बाईचा चेहरा नि हात. महिनाभरात हा वरचा रंग दगडासारखा होतो, गार पाण्याला दाद देत नाही. फादर एर्कोलेंनी गार स्पंज कितीही घासला तरी त्यांना तो ओल्या गिलाव्यावरचाच वाटेल. पण कोमट पाणी मुरलं तर खालचा सरस फुगतो आणि झगा सुटून येतो. म्हणजे आपल्यामागे कधीतरी कोणी शहाणा माणूस कोमट पाणी आणि मऊ स्पंज घेऊन आला, तर ती त्याला अख्खी सापडेल. झग्याच्या कडेने चुन्याची बारीक वरंबी ओढलीय, नवा गिलावा जोडल्यासारखी. रोज तासभर खालच्या कोऱ्या पट्टीवर छिन्नी चालवतो. धूळ उडते, फादर एर्कोले खालून खोकतात आणि समाधानाने निघून जातात.

राहिला प्रश्न तुकड्यांचा. ते मला बनवावे लागणार. घरामागच्या शेळ्यांच्या गोठ्यात शेळ्यांना बाहेर काढून भिंतीवर गिलावा लावलाय, तुझ्याच प्रमाणाने. तुझा कागद त्यावर धरून कोळसा झटकणार, आई रंगवणार, आणि फोडणार. तुकडे पावाच्या भट्टीत वाळवून मेणबत्तीच्या धुरावर धरले की बारा वर्षांचे दिसतील.

आयुष्यात मी कधी उघडं अंग रंगवलेलं नाही, तुला ठाऊक आहे. पहिलं रंगवायचं ते तिचं.

नोफ्री


२३ जानेवारी

कोर्सो,

तुझ्या तीन दिवसांची आई मला अकरा दिवस लागली. चेहरा दोनदा खरवडून टाकला. डाव्या खांद्याचं मांस काही केल्या हाडावर बसेना. तू चारचौघांत जे म्हणाला होतास ते अगदीच खोटं नव्हतं, हे लिहायला मला जड जातंय. पाचव्या दिवसापासून मात्र मी लाजायचं विसरलो. हा दंड उचलताना हिचा खांदा कुठे जात असेल, एवढाच विचार असायचा. बारा वर्षं मी फक्त अंगावर कपडे नाहीत एवढंच बघत होतो. ती नेंचाला ओढतेय, जिवाच्या आकांताने ओढतेय, हे मी बघितलंच नव्हतं.

मंगळवारी चेक्का मावशी आली. तीच, चॅपेलातली वस्त्रं धुणारी, आपली जुनी शेजारीण. शेळीचं दूध मागायला आली आणि गोठ्याच्या दारातच थबकली.

"मेल्या, हे काय? शेळ्यांना स्वर्ग दाखवतोस होय?" मग पुढे आली आणि तिने कमरेवर हात ठेवले. "ही तर ब्रिजिदा."

म्हातारी कितीही वटवटी असली तरी गोष्ट पोटात ठेवते, एवढंच मनाशी घोकत होतो.

"डाग चुकलाय तुझा," ती म्हणाली. "जरा खाली घे. चेस्टनट भाजायची कढई लागली होती तिला, तू पोटात होतास तेव्हा."

"मावशी, तुला डाग ठाऊक आहे?"

"मला नाही तर कोणाला? पाला वाटून मीच बांधायचे."

"मग कोर्सोला कसा ठाऊक?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की शेळ्यांनाही माझी कीव यावी.

"तिला शेवटची आंघोळ कोणी घातली असं वाटतं तुला?"

मला काही वाटतच नव्हतं. मी कधी विचारच केला नव्हता. मला आत्याकडे पाठवलं होतं, तिथे अंजिराचं झाड होतं, मला तेवढंच आठवतं.

"साथ होती बाबा," चेक्का मावशी म्हणाली. "मढी धुणाऱ्या बाया निम्म्या मेल्या, निम्म्या पळाल्या. मीही आत गेले नाही. पोटात पोर होतं माझ्या, मी गेले नाही. दाराशी गरम पाण्याची बादली ठेवली आणि लांबून हाक मारली. कोर्सोने बादली आत घेतली. वीस वर्षांचं पोर ते. बऱ्याच वेळाने रिकामी बादली बाहेर ठेवली आणि म्हणाला, मावशी, अजून एक लागेल, नेंचा राहिलीय."

मग तिने पुढचं सांगितलं, जे तुला सांगायची गरज नाही. साथीचे शिपाई आले, घरातलं प्रत्येक कापड अंगणात जाळलं, आईच्या आणि नेंचाच्या अंगावरचंसुद्धा. दोघींना गाडीवर टाकून तशाच गावाबाहेरच्या चुन्याच्या खड्ड्यात नेलं. तू गाडीमागे वेशीपर्यंत तुझा अंगरखा हातात धरून पळत होतास, आणि शिपाई तुला भाल्याच्या दांड्याने मागे ढकलत होते.

बरोबर शिंपी येत नाही, असं म्हणाला होतास तू. तू हसत नव्हतास बहुतेक. मी खाली उभा होतो, मला तसं दिसलं.

पण मला का नाही सांगितलंस? आठ वर्षांच्या पोराला नाही सांगितलंस ते कळतं. बावीस वर्षांचा मी तुझ्या पायाशी चुना कालवत होतो, तेव्हा तरी सांगायचंस. दोन वाक्यांचं काम होतं. मी तुझ्यावर चिडलोय, कोर्सो, आणि आता हा राग धरून ठेवायला मला जागाच सापडत नाही.

डाग दोन बोटं खाली घेतला. नेंचाला तू भिंतीवर पांघरूण का दिलंस, दोघींतली लहान म्हणून, तेही आता कळलं. गिलावा सुकू दिला आणि काल सकाळी हातोडी घातली. आधी चेहऱ्यावर घातली, नाहीतर पुढे घालताच आली नसती.

३१ तारखेला तपासणी आहे. वरचा रंग अजून पुरता कडक झालेला नाही. थंडीमुळे वाळायला वेळ लागतोय.

नोफ्री


३ फेब्रुवारी, सान ब्याजोचा दिवस

दादा,

मी अजून घरातच आहे, कोठडीत नाही. आता नीट सांगतो.

३१ ला सकाळी फादर एर्कोले आले. परांची काढली होती, वेदीमागे एक चौरंग ठेवला होता, त्यावर उभं राहिलं की हात झग्यापर्यंत पोचतो. दोन टोपल्या मी वेदीच्या पायरीशी मांडल्या होत्या. त्यांनी पिशवीतून स्पंज काढला आणि हाक दिली, "चेक्का, पाणी आण गं."

चेक्का मावशी धुण्याच्या खोलीतून बादली घेऊन आली. बादलीतून वाफा येत होत्या.

मी तिला सगळं सांगितलं होतं, दादा. स्पंज, सरस, चीज, सगळं. फक्त गार पाणी लागेल हे सांगायचं राहिलं. पाणी म्हटलं की जानेवारीत कोणीही गारच आणणार असं मी धरून चाललो. तिने म्हाताऱ्याची सुजलेली बोटं बघितली आणि कढईतलं पाणी ओतून आणलं. बादली ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली, कसं चोख काम केलं म्हणून.

गार आण असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर गवंड्याच्या पोराला तिथेच सगळं कळलं असतं. फादर एर्कोले बाह्या सरसावून त्या वाफेवर हात शेकायला लागले.

मी म्हणालो, "महाराज, आधी तुकडे बघून घ्या. पाडलंय की नाही ते आधी ठरू दे, मग नव्याचं बघा."

"बघू की. घाई काय आहे?"

"एकदा तुमच्या नजरेखालून गेलं की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल."

त्यांनी स्पंज बादलीच्या काठावर ठेवला. मी पायरीवर बसलो आणि एक तुकडा उचलला. हा गुडघा, महाराज. ही पोटरी. पोटरीवर भेग होती, आठवत असेल तुम्हाला. त्यांना आठवत होती. बघायला नको म्हणून पाडायला लावलं आणि म्हाताऱ्याला सगळं पाठ. त्यांनी विचारलं, "तो भाजल्याचा डाग कुठाय?" मी टोपलीच्या तळाशी हात घालून मुद्दाम उशिरा तो तुकडा काढला. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, नखाने खरवडला, हुंगला. मेणबत्तीच्या धुराचा वास त्यांना लागला असावा. मी फरशीवर तुकडे जुळवत राहिलो. खांदा, गळा, कपाळाचा अर्धा भाग. बादलीवरची वाफ पातळ झाली होती, पण होती. मी दुसरी टोपली ओढली.

शेवटी हात राहिला. मनगटापासून बोटांपर्यंत एकच तुकडा, तो हातोडीने फुटलाच नव्हता. तो उचलला आणि पुढे काय सांगायचं ते मला सुचेना. ही वेळ काढायची युक्ती आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. हा हात खोटा आहे, मीच गोठ्यात रंगवलाय, हेही ठाऊक होतं. तरी मी रडलो, दादा. त्या म्हाताऱ्यासमोर, पायरीवर बसून, तोंड न झाकता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

त्यांनी कोणाला बोलावलं नाही की मला उठवलं नाही. मग विचारलं, "कोण होती तुझी?"

"आई."

"बिशपांना बोटाने दाखवलंस ती तूच ना?"

"हो."

ते बराच वेळ फरशीवर मांडलेल्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग उठले, स्पंज बादलीत बुडवला आणि चटकन हात मागे घेतला. "पाणी बर्फ झालंय," ते पुटपुटले. चौरंगावर चढले आणि झग्याच्या घोट्याजवळच्या घडीवर स्पंज घासला. चार वेळा, जोर लावून. खाली उतरून त्यांनी स्पंज उलटा केला. त्याच्या एका कडेला निळं लागलं होतं, नखाएवढं.

मला वाटलं संपलं. चेक्का मावशीनेही ते बघितलं आणि गळ्यातला क्रूस हातात धरला.

फादर एर्कोलेंनी स्पंज बादलीत पिळला, नीट, दोनदा. "धूळ आहे," ते म्हणाले. "महिनाभर छिन्नी चालली, चॅपेलात धूळ होणारच. ते पाणी बाहेर ओतून टाक, चेक्का."

आपल्या चॅपेलात निळी धूळ उडत नाही, दादा. ते गेल्यावर मी मावशीला म्हटलं, "गरम पाणी कशाला आणलंस?" तर माझ्यावरच उखडली. "मी माणसाची बोटं बघून पाणी आणते. भिंतीला काय लागतं ते तू सांगायचं होतंस."

तुकडे कुठेही फेकायचे नाहीत असं फादर एर्कोलेंनी बजावलं होतं. ते पवित्र भिंतीचे होते, असं त्यांचं म्हणणं. काल सणाची मिस्सा झाल्यावर दफनभूमीच्या भिंतीलगत मी खड्डा खणला. जमीन हातभर खोल गोठली होती. टोपल्या आत रिकाम्या केल्या. मी माती लोटणार तेवढ्यात फादर एर्कोले काठी टेकत आले. म्हणाले, "नाव काय होतं तिचं?" मी म्हणालो, ब्रिजिदा, आणि बहिणीचं नेंचा. त्यांनी दोघींची नावं घेऊन मृतांची पूर्ण प्रार्थना म्हटली, एक ओळ न गाळता. चेक्का मावशीने धुतलेलं एक जुनं वेदीवस्त्र आणलं होतं, ते तिने तुकड्यांवर अंथरलं आणि कडा नीट खोचल्या. मग मी माती ओढली. सव्वीस वर्षांनी त्यांना कापड मिळालं.

ती भिंतीत आहे. झग्याखाली, तू काढलीस तशी. तुझा कागदही माझ्यापाशी आहे, पण तो मी बेर्तोकडे देणार नाही. खेचरावरून आणखी किती वेळा डोंगर ओलांडायला लावायचा तिला? न्यायचा असेल तर तू ये. बर्फ वितळलं की घाट मोकळा होतो.

एक तुकडा मात्र मी मातीत टाकला नाही. पेंढ्यात गुंडाळून या पत्राबरोबर पाठवतोय, जपून उघड. हात बराच जमलाय असं मला वाटतं, पण करंगळी चुकलीय. तुझ्या भोकांवरूनच काढली, रेघ जराही हलू दिली नाही, तरी ती आईची वाटत नाही. कुठे चुकलो ते बघून सांग.

तुझा,
नोफ्री